कलाप्रदर्शने आणि कलासमीक्षा, महाराष्ट्रातील

चित्र, शिल्प आदी दृश्यकलाकृती ठरावीक स्थळी व मर्यादित काळापुरत्या लोकांपुढे मांडण्याच्या उपक्रमास कलाप्रदर्शन म्हणतात. त्या कलाकृतींचे वर्णन, अर्थविवरण व मूल्यमापन करणारे लेखन म्हणजे कलासमीक्षा. या दोन्हींचा संबंध परस्परपूरक आहे. प्रदर्शन अल्पजीवी असते. आठवडाभराने भिंती रिकाम्या होतात, चित्रे संग्राहकांच्या घरी जातात किंवा कलावंताच्या अडगळीत परततात आणि पुढील पिढीच्या हाती सूचिपत्रक व परीक्षणाचे कात्रण एवढेच उरते. त्यामुळे ज्या समाजात प्रदर्शने भरतात, पण त्यांविषयीचे लेखन त्या समाजाच्या भाषेत होत नाही, तेथे कलेचा इतिहास त्या समाजाच्या स्मृतीत रुजत नाही. महाराष्ट्रात आधुनिक कलाप्रदर्शनाची परंपरा सव्वाशेहून अधिक वर्षांची आहे. मराठी कलासमीक्षेची वाटचाल मात्र तिच्या मागून, खंडितपणे आणि बऱ्याच अंशी चित्रकारांच्याच प्रयत्नांनी झाली. या दोन प्रवाहांतील अंतर आणि ते भरून काढण्याचे प्रयत्न यांचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकापूर्वी महाराष्ट्रात चित्र व शिल्प ही मंदिर, वाडा, पोथी आणि घरगुती विधी यांच्याशी निगडित होती. वाड्याच्या भिंतीवरील चित्र किंवा गाभाऱ्यातील मूर्ती ही पाहावयाची वस्तू असली, तरी ती केवळ पाहण्यासाठी घडविलेली नव्हती. तिचा कर्ता बहुधा अनामिक राही व तिचे मोल तिच्या उपयोगावरून किंवा पावित्र्यावरून ठरे. कलाकृतीला तिच्या स्थानापासून वेगळी काढून, चौकटीत बसवून, अनेक कृतींच्या शेजारी टांगणे आणि त्यांत तुलना करून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे ही कल्पना इंग्रजी अमदानीत आली.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तीच पुढे सर ज. जी. कलाशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. कारागिरांना शास्त्रशुद्ध रेखनाचे शिक्षण देऊन देशी हस्तव्यवसायांस उत्तेजन देणे, हा तिच्या स्थापनेमागील एक प्रमुख हेतू होता. प्रत्यक्षात तेथून पाश्चात्त्य पद्धतीचे यथार्थदर्शन, छायाप्रकाश आणि तैलरंगांचे तंत्र अवगत असलेले व्यावसायिक चित्रकार बाहेर पडू लागले. त्यांना आश्रयदात्यांपर्यंत पोहोचविणारे साधन आवश्यक होते आणि ते कलाप्रदर्शनाने पुरविले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांना १८७३ मध्ये मद्रास व व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत मिळालेला गौरव आणि १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना मिळालेली पारितोषिके यांमुळे प्रदर्शनातील यश हे भारतीय चित्रकाराच्या प्रतिष्ठेचे परिमाण ठरले. १८९४ मध्ये रविवर्मा यांनी मुंबईत शिळामुद्रणालय काढले. पुढे ते लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले. प्रदर्शनाची पायरी ज्यांनी कधी चढली नाही, अशा लक्षावधी घरांत या मुद्रणालयातून निघालेली चित्रे पोहोचली. प्रदर्शनाचा मर्यादित प्रेक्षक आणि छापील चित्राचा अमर्याद प्रेक्षक असे दोन भिन्न वर्ग येथपासून निर्माण झाले.

पारितोषिकांचे युग : १८८८ मध्ये ‘बाँबे आर्ट सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. आरंभी तिच्या चालकांत व प्रदर्शकांत युरोपीय अधिकारी आणि हौशी चित्रकार यांचा भरणा होता. तिच्या वार्षिक प्रदर्शनाची घडण इंग्लंडमधील रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांच्या धर्तीवर झाली होती. आलेल्या कृतींतून निवड, विभागवार परीक्षण आणि सर्वोत्कृष्ट कृतीस सुवर्णपदक असा तिचा क्रम होता. १८९५ मध्ये महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांना या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. लक्ष्मीपूजनाशी निगडित असा घरगुती प्रसंग हा त्या चित्राचा विषय होता. विषय मराठी घरातला, तंत्र पाश्चात्त्य आणि निर्णय युरोपीय परीक्षकांचा, अशी ही त्रिविध रचना त्या काळाची प्रातिनिधिक म्हणता येईल. धुरंधरांचे कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे (१९४०) हे आत्मकथन त्या काळातील कलाशिक्षण व प्रदर्शने यांविषयीचे एक मोलाचे मराठी साधन आहे.

गणपतराव म्हात्रे यांचे मंदिरपथगामिनी (१८९६) हे शिल्प याच पिढीतील. नऊवारी लुगडे नेसलेली, हाती पूजासाहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुणी हा त्याचा विषय. विद्यार्थिदशेतील एका तरुणाने इतके नाजूक काम करावे, याचे त्या काळी नवल वाटले. या शिल्पावर रवींद्रनाथ टागोरांनी बंगालीत लेखन केले, ही गोष्ट लक्षणीय आहे. मराठी शिल्पकाराच्या कृतीची दखल बंगाली वाङ्मयीन नियतकालिकात सविस्तर घेतली गेली. मराठीत मात्र तिच्याविषयी कौतुक पुष्कळ झाले तरी समीक्षा म्हणता येईल असे लेखन फारसे झाले नाही.

१९१८ मध्ये ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ ही दुसरी संस्था मुंबईत स्थापन झाली. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. भारतीय कलावंतांनी स्वतःच्या बळावर चालविलेली संस्था, हे तिचे महत्त्व. त्यामुळे परीक्षकांच्या आसनावर भारतीय व्यक्ती बसू लागल्या. प्रदर्शनाची स्पर्धात्मक घडण मात्र तशीच राहिली. पदकामुळे कलावंताला नाव, व्यक्तिचित्रांची कामे व संस्थानिकांचा आश्रय मिळे. परंतु पदक का दिले, याचे विवरण परीक्षकांनी करण्याची प्रथा नव्हती. निर्णय जाहीर होई, कारणे अव्यक्त राहत. समीक्षेचा अभाव असलेल्या काळात पदक हेच समीक्षेचे काम करीत होते.

पुनरुज्जीवनाचा वाद : १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन हे ज. जी. कलाशाळेचे प्राचार्य झाले. त्यांनी जिवंत प्रतिमानावरून रेखनाचे वर्ग व भित्तिचित्रणाचा वर्ग सुरू केला. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व त्यांचे अनुयायी पाश्चात्त्य वास्तववाद त्याज्य मानीत असता, मुंबईत वास्तववादी रेखनाच्या पायावर भारतीय अलंकरणाची उभारणी करण्याचा हा प्रयत्न होता. १९२४ मध्ये लंडनजवळील वेम्बली येथे भरलेल्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी एक भारतीय दालन सजविले. कोणती शैली ‘भारतीय’ मानावी, यावर कलकत्ता व मुंबई यांच्यात वृत्तपत्रांतून दीर्घकाळ वाद झाले. बाँबे क्रॉनिकल या पत्राचे कलासमीक्षक कन्हैयालाल वकील यांचे लेखन या संदर्भात महत्त्वाचे आहे. या वादामुळे मुंबईत प्रथमच कलेच्या तत्त्वांची जाहीर चर्चा झाली, परंतु तिची भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती.

मराठी नियतकालिकांनी या काळात दुसऱ्या प्रकारची कामगिरी बजावली. का. र. मित्र यांच्या मनोरंजन मासिकाचा १९०९ मधील दिवाळी अंक, पुण्याच्या चित्रशाळेचे चित्रमयजगत (१९१०) आणि रत्नाकर (१९२६) यांनी चित्रांच्या छपाईकडे कसोशीने लक्ष दिले. दिवाळी अंकांच्या परंपरेतून पुढे दीनानाथ दलाल (१९१६–७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांसारखे चित्रकार घरोघरी परिचित झाले. दलालांनी १९४५ मध्ये दीपावली हा स्वतःचा अंक सुरू केला. मराठी मध्यमवर्गाची चित्रविषयक अभिरुची प्रदर्शनापेक्षा अशा मुखपृष्ठांवर अधिक पोसली गेली. त्या अभिरुचीत लालित्य व कथनपरता यांना प्राधान्य असल्यामुळे नवचित्रकलेचे आगमन झाले, तेव्हा ती अनेकांना परकी वाटली.

नवकलेचा उदय : १९३७ मध्ये अमृता शेरगिल यांच्या तीन मुली या चित्रास बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक देण्यात आले. प्रस्थापित संस्थेच्या निवडीतही बदल होत असल्याचे ते चिन्ह होते. चार्ल्स जेरार्ड हे कलाशाळेचे संचालक असताना विद्यार्थ्यांस आधुनिक यूरोपीय कलेचा परिचय होऊ लागला आणि १९४१ मध्ये पी. टी. रेड्डी प्रभृती तरुणांनी स्वतंत्र गट स्थापून प्रदर्शन भरविले. याच सुमारास नाझी राजवटीमुळे मध्य यूरोप सोडून मुंबईत आलेल्या काही व्यक्तींनी येथील कलाजीवनास वेगळे वळण दिले. रूडॉल्फ फोन लायडन (१९०८–८३) हे टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहीत. त्याच वृत्तसंस्थेत कलादिग्दर्शक असलेले वॉल्टर लांगहॅमर (१९०५–७७) यांच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता असे. संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर त्यांची चित्रे विकत घेत. समीक्षक, मार्गदर्शक आणि ग्राहक असे तिन्ही आधार नवकलेला एकाच वेळी लाभले.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे हे सहा कलावंत होते. सूझा मूळचे गोव्याचे, हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, तर गाडे विदर्भातले. १९४९ च्या जुलै महिन्यात या गटाचे प्रदर्शन मुंबईत भरले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. आनंद यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेले मार्ग हे इंग्रजी नियतकालिक कलाविषयक गंभीर लेखनाचे प्रमुख व्यासपीठ बनले. सूझा १९४९ मध्ये लंडनला, रझा १९५० मध्ये पॅरिसला व बाकरे १९५१ मध्ये लंडनला गेल्याने गट विस्कळित झाला. तथापि वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत आदी कलावंत त्याच्याशी संबंधित राहिले व १९५६ पर्यंत त्याचे नाव टिकून होते. या गटाच्या भूमिकेचे विवरण झाले तेही इंग्रजीतून. परिणामी मराठी मुलखातून आलेल्या चित्रकारांची नवी कला मराठी वाचकापर्यंत प्रथम पोहोचली, ती तिच्याविषयीच्या थट्टेतून व आक्षेपांतून.

समीक्षेची उणीव केवळ वाङ्मयीन नव्हती, हे १९५४ मधील एका घटनेवरून दिसून येते. अकबर पदमसी यांच्या जहांगीर कलावीथीतील पहिल्या एकल प्रदर्शनात प्रेमी युगुलाचे एक चित्र होते. ते अश्लील ठरवून पोलिसांनी काढून टाकण्यास सांगितले. चित्रकाराने नकार दिल्याने खटला झाला व अखेर न्यायालयाचा निर्णय पदमसी यांच्या बाजूने लागला. चित्रातील नग्नता आणि अश्लीलता यांतील भेद कोणत्या निकषांवर करावयाचा, हा समीक्षेने सोडवावयाचा प्रश्न येथे फौजदारी न्यायालयापुढे गेला. पुढील काळात हुसेन यांच्या चित्रांवरून झालेला क्षोभ, त्यांनी २००६ मध्ये सोडलेला देश व २०११ मध्ये लंडन येथे झालेले त्यांचे निधन या घटनाक्रमातही चित्राविषयी बोलणाऱ्यांत ते प्रत्यक्ष पाहिलेले लोक थोडेच होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कलादालने : सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली जहांगीर कलावीथी १९५२ मध्ये खुली झाली. तिच्यामुळे प्रदर्शनाचे स्वरूप पालटले. संस्थेच्या वार्षिक स्पर्धात्मक प्रदर्शनाऐवजी चित्रकाराने दालन भाड्याने घेऊन स्वतःच्या कृती एकत्रित मांडण्याची पद्धत रूढ झाली. येथे परीक्षक नव्हते. अर्थात पदकही नव्हते. कलावंताच्या एकूण दृष्टीचा प्रत्यय घेण्याची संधी यामुळे प्रेक्षकाला मिळाली आणि अर्थ लावून देणाऱ्या समीक्षकाची गरज वाढली. भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत चित्रकार, नाटककार व संगीतकार शेजारी-शेजारी काम करीत. १९६३ मध्ये केकू व खोर्शेद गांधी यांची ‘केमोल्ड’ आणि काली पंडोल यांची ‘पंडोल’ ही खाजगी कलादालने सुरू झाली. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ मध्ये जुन्या कावसजी जहांगीर सभागृहात उघडली. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय २००८ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुले झाले व तेथेही समकालीन कलेची प्रदर्शने होऊ लागली.

मराठी कलाविचार : मराठीत कलेच्या तत्त्वांचा विचार प्रथम साहित्याच्या अंगाने झाला. बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांनी सौंदर्य आणि साहित्य (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सर्व कलांना लागू पडेल असा सिद्धांत मांडला. चित्रकला व संगीत यांतील रचनेचा विचार त्यांच्या विवेचनात महत्त्वाचा आहे. त्यावर झालेल्या दीर्घ चर्चेतून रा. भा. पाटणकरांची सौंदर्यमीमांसा (१९७४) व प्रभाकर पाध्ये यांचा सौंदर्यानुभव (१९७९) हे ग्रंथ सिद्ध झाले. या विचारमंथनाने मराठीस ‘लय’, ‘आकृतिबंध’, ‘घाट’, ‘अवकाश’ अशा संज्ञा सूक्ष्म अर्थाने वापरण्याची सवय लावली. परंतु हा विचार बहुतांशी तात्त्विक पातळीवर राहिला. अमुक भिंतीवरील अमुक चित्रापुढे उभे राहून करावयाचे लेखन हे त्याचे उद्दिष्ट नव्हते.

ते काम प्रामुख्याने चित्रकारांनी केले. द. ग. गोडसे (१९१४–९२) हे चित्रकार, नेपथ्यकार व व्यासंगी लेखक. पोत (१९६३), शक्तिसौष्ठव (१९७२) आणि गतिमानी या ग्रंथांत त्यांनी महाराष्ट्राची भूमी, लोकजीवन व कलानिर्मिती यांतील अनुबंध शोधला. विणकराच्या बोलीतील ‘पोत’ हा शब्द त्यांनी सांस्कृतिक समीक्षेची संज्ञा म्हणून समर्थपणे वापरला. परकीय संज्ञेचे भाषांतर न करता बोलीतील शब्दाला नवे ओझे वाहावयास लावण्याचा हा मार्ग मराठी कलासमीक्षेला फलदायी ठरला. ज. जी. कलाशाळेतील अध्यापक संभाजी कदम यांनी चित्रकार, कवी व सौंदर्यमीमांसक अशा तिहेरी अधिकाराने लेखन केले. बाबूराव सडवेलकर (१९२८–२०००) यांनी चित्रनिर्मिती व कलासंचालकपदाची जबाबदारी सांभाळून महाराष्ट्रातील पूर्वसूरींची साक्षेपी चरित्रे लिहिली. त्यांचा महाराष्ट्रातील कलावंत : आदरणीय व संस्मरणीय हा संग्रह त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वर नाडकर्णी (१९२८–२०१०) यांनी मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांतील वृत्तपत्रांतून दीर्घकाळ चित्रप्रदर्शनांची व नाटकांची परीक्षणे लिहिली. गायतोंडे यांच्यावरील त्यांची पुस्तिका ललित कला अकादमीने १९८३ मध्ये प्रकाशित केली.

प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांचे कोरा कॅनव्हास (१९९०) हे पुस्तक या परंपरेत विशेष उल्लेखनीय होय. चित्र रंगविण्यापूर्वीची रिक्तता, वस्तू व तिची प्रतिमा, आकार व अवकाश यांविषयीचे चिंतन त्यात साध्या, अनलंकृत मराठीत आढळते. अमूर्त कलेविषयी मराठीत स्वाभाविकपणे लिहिता येत नाही, या समजुतीला या पुस्तकाने परस्पर उत्तर दिले. त्याचा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ विचार मराठीत व नंतर इंग्रजीत, असा प्रवास या क्षेत्रात विरळाच होता. प्रभाकर कोलते यांच्या कलेपासून कलेकडे या पुस्तकानेही हीच वाट पुढे नेली. सतीश नाईक यांच्या संपादकत्वाखालील चिन्ह या वार्षिकाने चित्रकारांच्या मुलाखती, आठवणी व दुर्मीळ छायाचित्रे यांचे संकलन केले व त्यातून गायतोंडे यांच्यावरील बृहद्‌ग्रंथ २०१६ मध्ये सिद्ध झाला. सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादिलेल्या शिल्पकार चरित्रकोशाच्या ‘दृश्यकला’ खंडाने (२०१३) महाराष्ट्रातील चित्रकार-शिल्पकारांची चरित्रात्मक माहिती एकत्र आणली.

कोरियाशी तुलना : महाराष्ट्रातील परिस्थितीचे वेगळेपण कोरियातील कलेतिहासाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. तेथेही स्पर्धात्मक प्रदर्शनाची पद्धत परकी सत्तेने आणली. जपानी शासनाने भरविलेले ‘चोसन कलाप्रदर्शन’ १९२२ ते १९४४ या काळात चालू होते. स्वातंत्र्यानंतर त्याच धर्तीवर दक्षिण कोरियाच्या शासनाने ‘कुकचॉन’ हे राष्ट्रीय प्रदर्शन १९४९ मध्ये सुरू केले व ते १९८१ पर्यंत भरत असे. पदक, पद आणि अध्यापकवर्गाचे वर्चस्व यांचे तेथील साटेलोटे तरुणांस असह्य झाले. १९५६ मध्ये पाक सो-बो (१९३१–२०२३) यांच्यासह चार चित्रकारांनी राष्ट्रीय प्रदर्शनाच्या विरोधात जाहीरपणे भूमिका घेतली. मुंबईतील १९४७–४९ च्या बंडाशी या घटनेचे साम्य उघड आहे.

मात्र पुढील वाट वेगळी झाली. कोरियातील नव्या चित्रकारांच्या बरोबरीने कोरियन भाषेत लिहिणारे समीक्षक व नियतकालिके उभी राहिली. वास्तुशिल्पज्ञ किम सू-गन यांनी १९६६ मध्ये सुरू केलेले कोंगगान (अर्थ : अवकाश) हे मासिक त्यांपैकी एक. ली उ-फान (जन्म १९३६) हे चित्रकार-शिल्पकार असून तत्त्वचिंतनपर समीक्षकही आहेत. १९७५ मध्ये टोकिओतील एका कलादालनात पाच कोरियन चित्रकारांच्या शुभ्र चित्रांचे प्रदर्शन झाले. पुढे ‘तानसेखवा’ म्हणजे एकरंगी चित्रकला या नावाने जो संप्रदाय जगभर ओळखला गेला, त्याच्या इतिहासात या प्रदर्शनास महत्त्वाचे स्थान आहे. या संयमी, शांत कलेवर समाजाकडे पाठ फिरविल्याचा आक्षेप घेऊन ‘वास्तव आणि उच्चार’ हा गट १९७९-८० मध्ये स्थापन झाला. त्याच्या सभासदांत चित्रकारांबरोबर समीक्षकही होते. १९८० च्या ग्वांगजू येथील लोकशाहीवादी उठावाची स्मृती जागती ठेवणाऱ्या त्या नगरात १९९५ पासून आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन भरते. चित्र, वाद आणि भाषा ही तिन्ही तेथे एकाच समाजात वाढली. मुंबईत चित्र मराठी मनाच्या जवळचे, वाद इंग्रजीतला आणि सौंदर्यविचार मराठीतला, अशी फारकत झाली.

मुंबईबाहेरील महाराष्ट्र : कलाजीवन मुंबईत एकवटल्यामुळे उर्वरित महाराष्ट्राचा संबंध प्रदर्शनापेक्षा कलाशिक्षणाशी अधिक आला. कोल्हापूर येथे आबालाल रहिमान (निधन १९३१) व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्यापासून वास्तववादी चित्रणाची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये स्वतःच्या संग्रहासाठी टेकडीवर संग्रहालय बांधले. लहानशा संस्थानात राजा रविवर्मा यांची चित्रे व हेन्री मूर यांचे शिल्प एका छताखाली पाहावयास मिळावे, ही अपूर्व गोष्ट होय. पुण्यात १९६८ मध्ये खुल्या झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरातील कलादालनामुळे नाटकास येणारा प्रेक्षक चित्रांपुढेही थांबू लागला.

ग्रामीण भागात स्थिती वेगळी आहे. पुणे-सोलापूर मार्गावरील लोणी देवकर (ता. इंदापूर) यांसारख्या गावांतील विद्यार्थ्याचा कलेशी औपचारिक संबंध येतो, तो मुख्यतः कलासंचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांमुळे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांचा सराव या परीक्षांसाठी केला जातो. दरवर्षी राज्यभरातील हजारो मुले हाताने रेखाटावयास शिकतात. मूळ चित्रापुढे उभे राहून ते कसे पाहावे, हे शिकण्याची संधी त्यांतील फार थोड्यांना मिळते. बारामती किंवा इंदापूरच्या वाचकाला बरवे यांचे चित्र पाहण्यासाठी मुंबईस जावे लागेल. बरवे यांचे पुस्तक मात्र त्याच्या ग्रंथालयात येऊ शकते. मातृभाषेतील समीक्षेचे सामाजिक मोल येथे प्रत्ययास येते. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय चित्र-शिल्पांचे एक फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेले. व्याख्याने, मराठी माहितीपत्रके व चर्चा यांची जोड असलेला तो उपक्रम कलावंतानेच प्रेक्षकाकडे जाण्याचे लक्षणीय उदाहरण ठरला.

बाजार आणि मूल्यमापन : १९९० नंतर आर्थिक उदारीकरणामुळे कलेचा बाजार विस्तारला. २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या क्रिस्टीज या संस्थेच्या लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र सुमारे २३·७ कोटी रुपयांस विकले गेले. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कारकीर्दीचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन झाले. हुसेन यांचे ग्रामयात्रा (१९५४) हे चित्र २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे सुमारे १·३८ कोटी डॉलर्सना गेले. गायतोंडे व हुसेन ही नावे त्यामुळे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली, पण ती आकड्यांच्या सोबतीने. एकोणिसाव्या शतकात पदकाने जे केले, तेच आता किंमत करू लागली : निर्णय जाहीर होतो, कारणे अव्यक्त राहतात. दरम्यान दैनिकांतील नियमित कलापरीक्षणाची जागा संकोचली आहे व प्रदर्शनाची वार्ता बहुधा उद्घाटनाच्या छायाचित्रापुरती उरते.

सार्वजनिक संस्थांच्या कारभाराचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत बरवे यांच्या स्मरणार्थ भरलेल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांनी संस्थेच्या स्थानिक कलावंत-सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा मुद्दा मांडण्यास प्रारंभ केला असता त्यांचे भाषण वारंवार थांबविण्यात आले. कोणाची प्रदर्शने भरवावीत हे कोणी ठरवावयाचे, हा १८८८ मधील प्रश्न शासकीय संग्रहालयातही अनिर्णीत असल्याचे यातून दिसून आले. शांत, अंतर्मुख वृत्तीच्या चित्रकाराच्या प्रदर्शनात तो उपस्थित व्हावा, हा योगायोग बोलका आहे.

समालोचन : महाराष्ट्रातील कलाप्रदर्शनांच्या इतिहासात निर्णयाचा अधिकार युरोपीय परीक्षक, भारतीय कलासंस्था, इंग्रजी वृत्तपत्रांतील समीक्षक, खाजगी कलादालने व लिलावसंस्था यांच्याकडे क्रमाक्रमाने गेलेला दिसतो. सामान्य मराठी प्रेक्षक या साखळीत बहुधा शेवटी येतो. त्याला चित्र कळत नाही, अशी तक्रार वारंवार करण्यात येते. त्याने दिवाळी अंकांची मुखपृष्ठे जिव्हाळ्याने जपली, नवकाव्य व नवनाट्य यांचा वाद हिरिरीने घातला. चित्राविषयी मात्र त्याच्याशी त्याच्या भाषेत फार थोड्यांनी संवाद साधला. गोडसे, कदम, सडवेलकर, नाडकर्णी व बरवे यांचे लेखन पाहता मराठीचे सामर्थ्य या कामी अपुरे पडले, असे म्हणता येत नाही. अपुरे पडले ते सातत्य. प्रदर्शनानंतर चित्रे भिंतीवरून उतरतात, हे अटळ आहे. ती पाहिली गेली होती आणि त्यांविषयी कोणी विचार केला होता, याची नोंद तेवढी समीक्षा करू शकते. ज्या प्रदर्शनांविषयी कोणी लिहिले नाही, ती जणू भरलीच नाहीत. महाराष्ट्रातील अशा प्रदर्शनांची संख्या मोठी आहे आणि त्यांत पाहिलेल्या चित्रांचे स्मरण असलेले प्रेक्षक व कलावंत हयात आहेत, तोवरच त्यांची नोंद होणे शक्य आहे.